उद्यानलेखकाची कूळवहिवाट

बागेविषयी लिहिणाऱ्यांत असा एक वर्ग आहे की ज्याचे नाव सहसा कोणाच्या कानावर येत नाही, आणि तरीही ज्याच्यावाचून बाग करणाऱ्या माणसाचे पदोपदी अडते. गुलाबापासून कोबीपर्यंत सर्व काही दोनशे पृष्ठांत बसविणारे ग्रंथकार या वर्गात येत नाहीत. केवळ सह्याद्रीतील आमरींवर, केवळ जांभ्या कातळात आळी खणून लावलेल्या कलमांवर, केवळ चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पाचटाच्या थरावर वाढविलेल्या दुधी-दोडक्यांवर ज्यांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, नोंदी केल्या, झाडे मारली आणि जगविली, त्या अल्पविषयनिष्ठ लेखकांविषयी मी बोलत आहे. त्यांचा विषय जितका आकुंचित, तितके त्यांचे ज्ञान नेमके. आणि ते जितके नेमके, तितका त्यांचा वाचक विखुरलेला. दापोलीत चार, डोंबिवलीत दहा, इंदुरात दोन, न्यू जर्सीत एखादा, अशा रीतीने पसरलेल्या या वाचकवर्गाला एका दुकानाच्या फळीपुढे आणून उभे करणे छापील ग्रंथव्यवहाराला कधी साधले नाही. डिजिटल प्रकाशनाने ते साध्य होईल अशी आशा आता सर्वत्र व्यक्त होते. ती अगदीच निराधार नाही. मात्र तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो छपाईचा नसून मालकीचा आहे.

बागेच्या ग्रंथाचे आणि आपल्या मुद्रणाचे नाते जुने आहे. ज्या विल्यम केरीने १८०५ साली सेरामपूरहून मराठीचे व्याकरण देवनागरी टंकात प्रसिद्ध केले, त्याच केरीने १८२० साली कलकत्त्यास कृषि-उद्यान मंडळी स्थापन केली. भाषेचे मुद्रण आणि रोपांची देवघेव ही एकाच गृहस्थाच्या उद्योगाची दोन अंगे होती, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. पुढे १८६०च्या दशकात पाद्री फर्मिंजर याने बागकामाचे जे प्रसिद्ध पुस्तक रचले, त्याच्या शीर्षकातच ते बंगाल आणि उत्तर हिंदुस्थान यांच्यापुरते असल्याचे प्रांजळपणे नमूद होते. लेखकाच्या निधनानंतरही ते विसाव्या शतकापर्यंत इतरांच्या हातून पुनःपुन्हा सुधारले जाऊन निघत राहिले. इकडे पुण्यास गणेशखिंडीच्या वनस्पती-उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या मार्शल वुड्रो याने आपले उद्यानविषयक पुस्तक दख्खनच्या काळ्या जमिनीचा आणि चार महिन्यांच्या पावसाचा प्रत्यक्ष अनुभव घेऊन लिहिले. या दोघांचेही वाचक मुख्यतः बंगल्यांतून राहणारे साहेब लोक, आणि त्यांच्या पाठीशी सरकारी बागा, मंडळ्या व त्यांची वार्षिक पुष्पप्रदर्शने. मराठीत लिहिणाऱ्या उद्यानलेखकाला असा पाठीराखा फारसा लाभला नाही. परंतु या पुस्तकांपासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बागेचा ग्रंथ स्थळाने बांधलेला असतो, काळाबरोबर तो दुरुस्त करावा लागतो, आणि या दोन अटी पाळल्या गेल्या तर तो आपल्या कर्त्यापेक्षा दीर्घायुषी ठरतो.

छापील व्यवहारात या दोन्ही अटी मोडल्या जात असत, आणि त्याचे कारण कोणाचा दुष्टपणा नसून हिशेब हे होते. हजार प्रतींची आवृत्ती ही मराठी प्रकाशनाची जुनी रूढी. हजार प्रती खपवायच्या तर पुस्तक दापोलीलाही चालले पाहिजे, लातूरलाही चालले पाहिजे आणि नागपूरलाही. सबब प्रकाशक लेखकाला विनवीत असे की विषय जरा व्यापक करा. विषय व्यापक झाला की त्यातली जमीन मध्यम, पाऊस मध्यम आणि ऊनही मध्यम होऊन बसे, आणि असे मध्यम हवामान महाराष्ट्रात कोठेही नसल्यामुळे पुस्तक सर्वांना थोडेसे निरुपयोगी ठरे. रंगीत चित्रांचा खर्च तर प्रकाशकाच्या छातीत धडकी भरविणारा. आवृत्ती संपेपर्यंत तीतील चूक सुधारता येत नसे, आणि आवृत्ती संपायला पंधरा वर्षे लागत. ज्यांना या चौकटीत बसायचे नव्हते, त्यांनी फार पूर्वीच स्वतःची वाट काढली होती. श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे इंग्रजी पुस्तक २००१ साली पुण्याच्या ‘कोरोला पब्लिकेशन्स’कडून निघाले आणि रानफुलांच्या मागे डोंगर तुडविणाऱ्यांच्या पाठपिशवीत जाऊन बसले; वनस्पतिशास्त्राची अधिकृत पदवी किंवा खाते पाठीशी नसलेला एक अभियंता फुलांवरचे प्रमाणभूत पुस्तक सिद्ध करू शकतो, हे त्यावरून दिसले. म्हणजे विशिष्ट विषयाला वाहून घेतलेल्या लेखकाची स्वावलंबनाची प्रवृत्ती डिजिटल युगाने निर्माण केली असे नव्हे. ती आधीच होती, तिला आता कागदाचे ओझे राहिले नाही, इतकेच.

ओझे उतरले हे खरे, पण वाट सोपी झाली असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने किंडल बाजारात आणले. मराठीसह पाच भारतीय भाषांना त्यावर जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. मधल्या काळात आणि त्याहीपूर्वी मराठी ग्रंथांची जी अक्षरजुळणी झाली ती श्रीलिपीसारख्या टंकांत. युनिकोडबाहेरच्या त्या टंकांतला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की त्याची निरर्थक अक्षरांची रास होते. अशा पुस्तकाचे ई-पुस्तक करायचे म्हणजे मजकुराचे रूपांतर करून तो पहिल्या पानापासून पुन्हा तपासणे आले, आणि ‘कोवळ्या पालवीनंतर दुसऱ्या खताची मात्रा’ या वाक्यातला ‘ऱ्या’ रूपांतरात शाबूत राहिला की नाही हे कोणातरी जाणत्या माणसाने डोळ्यांत तेल घालून पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. कादंबरीत एखादे अक्षर गळाले तर वाचक संदर्भाने सावरून घेतो. औषधाच्या प्रमाणातला दशांशचिन्हाचा ठिपका गळाला तर झाड मरते.

चित्रांची गोष्ट याहून अवघड आहे. लोहाची उणीव असलेल्या झाडाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्राची उणीव असेल तर जुनी पाने सरसकट फिकटतात. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होतो. बागेच्या पुस्तकातले निम्मे निदान असे रंगावर चालते. ई-पुस्तकांसाठी खास बनविलेल्या वाचकयंत्रांचा पडदा मात्र दीर्घकाळ करड्या रंगाचाच होता; किंडलची रंगीत आवृत्ती निघाली ती २०२४ साली. भ्रमणध्वनीवर रंग दिसतात हे मान्य. पण तेथे दुसरी अडचण वाट पाहत असते. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन व्यवस्थेत सत्तर टक्के मानधनाचा पर्याय निवडला तर प्रत्येक विक्रीमागे पुस्तकाच्या आकारमानानुसार, मेगाबाइटच्या हिशेबाने, पोचवणीचा आकार कापला जातो. कवितेच्या पुस्तकाला या आकाराचा उपद्रव जाणवतही नाही. ऐंशी छायाचित्रांच्या पुस्तकाला तो खाऊन टाकतो. तो टाळावा म्हणून पस्तीस टक्क्यांचा पर्याय घ्यावा, तर अर्धे उत्पन्न आधीच गेले. यात भर सरकारी कराची. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही; ई-पुस्तकावरचा कर २०१८ साली अठरा टक्क्यांवरून पाचावर आणला गेला, तोही छापील पुस्तकाच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीपुरता. जो ग्रंथ कागदावर कधी अवतरलाच नाही, त्याला ही सवलत नाही. ज्या लेखकाला छपाई परवडत नाही म्हणून तो डिजिटलकडे वळला, त्याच्याच पदरी जास्त कर, असा हा न्याय आहे.

तथापि हे सर्व सुटण्याजोगे प्रश्न आहेत. टंक सुधारतात, पडदे रंगीत होतात, करांचे दर कर-परिषदेच्या एका बैठकीत बदलतात. माझ्या मते खरा पेच वेगळा आहे, आणि तो कोकणातल्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. खोताच्या जमिनीवर कूळ राबत असे. झाडे त्याने लावावी, शेणखत त्याने वाहावे, राखण त्याने करावी, आणि मक्ता ठरविण्याचा अधिकार खोताचा. १९४९च्या कायद्याने खोती गेली. आज मोठ्या विक्रीमंचावर पुस्तक ठेवणारा लेखक जवळजवळ त्याच वहिवाटीत उभा आहे. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील तर पुस्तकाची ई-आवृत्ती नव्वद दिवसांच्या मुदतीने अन्य कोठेही न विकण्याची कबुलायत लिहून द्यावी लागते, आणि ती कबुलायत मुदत संपताच आपोआप पुढे चालू होते. दर बदलला तर लेखकाला कळविले जाते, विचारले जात नाही. आपली पुस्तके कोणी घेतली, ती दापोलीत गेली की दुबईत, हेही त्याला नावानिशी कळत नाही. आणि उद्यानलेखकाला नेमके तेच कळायला हवे असते. वाचकाची स्थिती फार निराळी नाही. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली, आणि २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. कथा-कादंबरी एकदा वाचून होते. बागेचे पुस्तक दर मृगाला, दर हस्ताला, मोहोर गळू लागला म्हणजे, कीड दिसली म्हणजे पुन्हा उघडायचे असते. ते कपाटातून नाहीसे होणे हा निराळ्या जातीचा अपहार आहे.

यावर उपाय म्हणून कायद्याकडे पाहिले तर, आश्चर्याची गोष्ट अशी की, कायदा लेखकाच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे; लेखकच त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क टिकतो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु १९५७च्या कृतिस्वामित्व कायद्यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानंतरच्या करारात हक्क किती मुदतीसाठी दिला हे लिहिले नसेल तर ती मुदत पाच वर्षांची धरावी, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असे मानावे, ही तरतूद किती उद्यानलेखकांनी वाचली असेल? २०१२च्या दुरुस्तीने त्याहून महत्त्वाचे तत्त्व घातले: करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यवहारात आले नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल तर त्या माध्यमाचा हक्क दिला गेला असे समजू नये. मराठीत अनेकदा करारच होत नाही. एखादे पत्र, एखादा तोंडी शब्द, आणि वर्षाअखेर मानधनाचा धनादेश आला तर आला. या ढिलाईला आजवर नावे ठेवण्याची रीत होती, परंतु जेथे डिजिटल हक्काचा शब्दच कोठे नाही तेथे तो हक्क लेखकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या हाती राहिला असण्याची शक्यता बरीच आहे. बागकामावरील कित्येक जुनी, दुकानांतून केव्हाच नाहीशी झालेली मराठी पुस्तके या वाटेने पुन्हा प्रकाशात येऊ शकतील. त्यासाठी वारसांनी कपाटातील दप्तर सोडून कागद पाहिले पाहिजेत, एवढेच.

मग या लेखकाने कोणत्या प्रकारचे प्रकाशन करावे? येथे मला परदेशी उदाहरणे शोधण्याची गरज वाटत नाही. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाने जे उभे केले, ते संगणकाचे नाव खेड्यात कोणी ऐकले नव्हते अशा काळात. शेतकरी आपल्या मळ्यात काही करून पाहतो, त्याची नोंद ठेवतो, पत्राने कळवितो, भेटीत सांगतो. दुसरा ते आपल्या जमिनीत पडताळतो आणि फरक पडला तर तोही कळवितो. तासगावच्या अवर्षणप्रवण टापूतली द्राक्षशेती या परस्परशिक्षणातून बळावली. त्याच तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत वेगळी दिसलेली वेल निवडून वाढविली आणि ‘तास-ए-गणेश’ हा वाण महाराष्ट्राला मिळाला. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो हा दाभोळकरांचा सिद्धान्त वादग्रस्त मानला तरी, त्यांची ज्ञानव्यवहाराची पद्धत वादातीत आहे. तीत लेखक आणि वाचक यांच्यात पायरी नव्हती, अंतर होते ते फक्त टपालाचे. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक या व्यवहाराचा पाया नसून त्याचे फलित आहे.

डिजिटल माध्यमाने टपालाचे ते अंतर पुसले. म्हणून माझा पक्ष असा की अल्पविषयनिष्ठ उद्यानलेखकाचे भवितव्य सुटे ई-पुस्तक कोट्यवधी अनोळखी लोकांसमोर मांडून ठेवण्यात नाही. तीनशे-चारशे वर्गणीदारांच्या, नावानिशी ओळखीच्या वर्तुळात आहे. वर्गणीदाराला दरसाल सुधारलेली आवृत्ती मिळावी, लेखकाला दरसाल त्यांच्याकडून निरीक्षणे मिळावीत. पाऊस लांबला, थंडी उशिरा आली, मोहोर दोनदा आला. अशा वर्षी गेल्या सालचे पान जसेच्या तसे ठेवणे ही वाचकाची फसवणूक आहे. पंचांग दरवर्षी नवे निघते याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. हवामान इतके चंचल झाले असता बागेचे पुस्तक मात्र पंधरा वर्षे तेच, हे आपण निमूटपणे सोसत आलो. फाइल लेखकाची, वर्गणीदारांची यादी लेखकाची; विक्रीमंचावर हवी तर एखादी जुनी आवृत्ती ठेवावी, नव्या वाचकाला पत्ता लागावा म्हणून.

तीनशे-चारशे लोकांच्या वर्गणीवर चरितार्थ चालेल काय, असे कोणी विचारील. बहुधा चालणार नाही. पण या विषयांवर लिहून मराठीत चरितार्थ पूर्वीही कोणाचा चालला नाही. शरदिनी डहाणूकरांनी ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ लिहिले ते वैद्यकीय पेशा सांभाळून. प्रश्न चरितार्थाचा नाही, पुढच्या वर्षीचे पान लिहिण्याइतका खर्च निघण्याचा आहे, आणि तो निघू शकतो.

अलीकडे या चर्चेत यंत्राने लिहिलेल्या पुस्तकांची भर पडली आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कवकशास्त्रीय मंडळाने रानातली अळंबी ओळखण्याविषयीची अशी यंत्ररचित पुस्तके विकत घेऊ नयेत असा जाहीर इशारा दिला, कारण तेथे चुकीच्या वर्णनाची किंमत प्राण हीच असते. त्याच वर्षी ॲमेझॉनने एका माणसाने दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तके चढवू नयेत असे बंधन घातले. दिवसाला तीन! बारमाही झाडावर एक पुस्तक लिहायला किमान बारा महिने जावे लागतात ही साधी गोष्ट ज्या बाजारात अप्रस्तुत ठरते, तेथे प्रामाणिक उद्यानलेखकाचा आवाज बुडून जाणार हे उघड आहे. मात्र यंत्राचे ज्ञान ज्या वाङ्मयावर पोसले जाते ते बव्हंशी थंड प्रदेशांतले. त्यामुळे रत्नागिरीतल्या माणसालाही शेवटचे हिमकण पडून गेल्यावर रोपे बाहेर लावण्याचा सल्ला मिळण्याची सोय होते. वाफसा आला की नाही हे ढेकूळ मुठीत दाबून पाहणाऱ्याला कळते, आणि ते नेमक्या कोणत्या जमिनीत कोणत्या पावसानंतर किती दिवसांनी आले हे लिहून ठेवणाराच सांगू शकतो. साक्षीदाराची किंमत अफवांच्या काळात वाढते, कमी होत नाही.

विखुरलेला वाचक म्हणजे काय, याचे मला सुचणारे सर्वांत बोलके उदाहरण कढीपत्त्याचे आहे. पुण्यात हे झाड कुंपणाशी कोणाचे लक्ष नसताना वाढते. त्याच्यावर पुस्तक लिहावे असे येथे कोणाच्या मनातही येणार नाही. परंतु न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला ते कुंडीत लावून, गोठणबिंदूच्या आधी घरात ओढून, हिवाळाभर खिडकीशी जगवावे लागते. पाने गळाली तर ते झाड मेले की नुसते विसावले, हे कळत नाही, आणि पाणी जास्त घालून बहुतेक लोक ते मारतात. त्यात आणखी एक कायदेशीर बाब अशी की लिंबूवर्गीय फळबागांचा घात करणाऱ्या रोगाचा जिवाणू वाहणारा सिला नावाचा कीटक या झाडावर पोसला जातो, म्हणून अमेरिकेत कढीपत्त्याची रोपे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर निर्बंध आहेत. हे सगळे मराठीत, साठ पानांत, त्या देशातल्या ऋतूंप्रमाणे लिहून कोणी दिले तर तिकडचा वाचक आनंदाने पैसे मोजील. छापील व्यवहारात हे पुस्तक जन्मणेच अशक्य होते.

फुकटाच्या चालीचा आक्षेप मी हलका समजत नाही. व्हॉट्सॲपवरून पुस्तकांच्या पीडीएफ प्रती बिनदिक्कत फिरतात, आणि पाठविणाऱ्याला आपण ग्रंथप्रसाराचे पुण्यकर्म करीत आहोत असेच वाटत असते. चित्रफितींचा तर सुकाळ आहे. कोय कलमाचा काप कसा घ्यावा हे कोणत्याही गद्यापेक्षा चित्रफीत चांगले दाखविते, हे कबूल केलेच पाहिजे. पण काप घेतल्यानंतरच्या सहा वर्षांत काय होते ते सहा मिनिटांत मावत नाही, आणि जी प्रत पुढच्या साली जुनी होणार आहे तिची चोरी लेखकाला तितकीशी बाधत नाही.

एक जबाबदारी मात्र लेखक एकट्याने पेलू शकणार नाही. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह देशातील चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पोचती करावयाची असते. त्या कायद्यातली पुस्तकाची व्याख्या छापील वा शिळाछापाच्या कृतीपुरती आहे. वुड्रोचे पुस्तक आज आंतरजालावर घरबसल्या वाचता येते, ते कोण्या ग्रंथालयाने शंभर वर्षे कागद जपला म्हणून. केवळ फाइलरूपाने निघालेले आजचे मराठी पुस्तक जपण्याचा हुकूम कोणालाही झालेला नाही. व्याख्या बदलावी अशी मागणी लेखक-प्रकाशकांच्या संस्थांनी केलीच पाहिजे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषिविद्यापीठांनीही अशा फाइली स्वीकारून त्यांची रीतसर नोंदवही उघडावी. पण कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दर तीन-चार वर्षांनी आपल्या डिजिटल ग्रंथाच्या पंचवीस-तीस प्रती मागणीनुसार छपाईच्या सोयीने कागदावर काढाव्यात, चार ग्रंथालयांकडे व चार विद्यापीठांकडे त्या पाठवून पोच घ्यावी, उरलेल्या जुन्या वर्गणीदारांना द्याव्यात; छापील आवृत्ती अस्तित्वात आल्यामुळे ई-आवृत्तीवरचा कर अठराऐवजी पाच टक्के आकारण्यासही आधार मिळेल, आणि त्या फरकातून टपालखर्चाचा काही भाग तरी परस्पर भागेल.